शहराचा पगार, खेड्याचें काम

पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ म्हणून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक नसलेली रक्कम वजा होते. तिचा उगम शोधूं गेल्यास मराठवाड्याच्या दुष्काळापर्यंत जावें लागतें.

१९७२ सालीं पावसानें पाठ फिरविली. तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, आजच्या छत्रपती संभाजीनगराच्या परिसरांत, शेतकरी आणि मजूर एकाच रांगेंत बसून खडी फोडूं लागले. दुष्काळ सरला, तरी प्रश्न उरला : काम मागणारास तें दरवर्षीं मिळावें कसें? वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत याचा प्रयोग केला होता. पण हमी द्यावयाची, तर पैसा हवा. तो पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून घ्यावयाचें ठरलें. १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. या व अन्य करांतून जमेल तितकीच रक्कम राज्यानें तिजोरींतून घालावयाची होती. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ रोजीं अमलांत आला.

परंतु हमी होती ती अकुशल अंगमेहनतीची. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. मजुरास कसब शिकविण्याचें बंधन मात्र नव्हतें. १९९० सालीं योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हां खड्डे खणणाऱ्या लहान शेतकऱ्यास स्वतःच्याच रानांत झाडें वाढविण्याची संधि मिळाली.

केंद्रानें असा कायदा २००५ सालीं केला. त्याच्या कितीतरी आधीं महाराष्ट्रांतील पगारदारानें अनोळखी मजुराच्या भाकरीचा वांटा उचलला होता. भाकरीची हमी त्या कायद्यांत आली. कसबाची आली नाहीं.