गोबर गॅस संयंत्राचा भारतातील प्रवास : हरित तंत्रज्ञान हस्तांतरणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'चक्रीय अर्थव्यवस्था' ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील विचार भारतीय शेतीला नवा नाही. गोठ्यातील शेण उकिरड्यात कुजून खताच्या रूपाने शेतात परतते, हे चक्र पूर्वापार चालत आले आहे. मात्र त्याच शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घातल्या की इंधन मिळते आणि खत गमावले जाते. हा पेच सोडविण्याचे सामर्थ्य गोबर गॅस संयंत्रात होते. हवाबंद विहिरीत शेण कुजविल्यास ज्वलनशील वायू मिळतो आणि उरलेल्या स्लरीत नत्र टिकून राहते. या तंत्रज्ञानाच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आरंभ व विकास :

मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरुग्णाश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग झाला. शेणापासून वायूनिर्मितीचे शास्त्रीय प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र तयार केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात त्याचा प्रसार हाती घेतला. वायू साठताच वर उचलली जाणारी ही टाकी शेतकऱ्याला सहज समजे. परंतु लोखंड महाग होते, ते गंजत असे आणि वेळोवेळी रंगवावे लागे. त्यामुळे हे संयंत्र मुख्यतः सधन शेतकऱ्यांपुरते राहिले.

चिनी घुमट आणि भारतीय गवंडी :

याच काळात चीनमध्ये स्थिर घुमटाची भूमिगत संयंत्रे मोठ्या संख्येने बांधली जात होती. या रचनेच्या आधारे उत्तर प्रदेशातील अजितमल येथील संशोधन केंद्रात १९७८ मध्ये 'जनता' संयंत्र विकसित झाले आणि १९८४ मध्ये 'अफप्रो' या संस्थेने त्याहून स्वस्त 'दीनबंधू' संयंत्र पुढे आणले. लोखंडाची जागा विटा व सिमेंटने घेतली. खर्च घटला, पण घुमटास तडा गेल्यास वायू निसटे. म्हणजेच संयंत्राचे यश आता लोहारापेक्षा गवंड्याच्या कौशल्यावर अवलंबून राहिले. नकाशा देशाबाहेरून येऊ शकला; हात मात्र गावातच घडवावे लागले.

मालकीचा प्रश्न :

१९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्पाद्वारे अनुदान मिळू लागले आणि संयंत्रांची संख्या वाढली. तथापि, दुरुस्तीची सोय नसल्याने किंवा जनावरे कमी झाल्याने अनेक संयंत्रे बंद पडली. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. भूमिहीन कुटुंबाकडे इतके शेण कोठून येणार? उलट, शेणाला मोल आल्यावर वाटेवरचे शेण वेचून चूल पेटविणाऱ्यांचे इंधन हिरावले जाण्याचा धोका होता.

या दृष्टीने कर्नाटकातील पुरा गावाचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. ए. के. एन. रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सामुदायिक संयंत्र उभारले. स्वयंपाकासाठी सर्व घरांना पुरेल इतका वायू मिळेना; तेव्हा १९८७ पासून तो वीजनिर्मिती व पाणीपुरवठ्याकडे वळविण्यात आला. शेण देणाऱ्यांना मोबदला मिळे आणि स्लरीही परत मिळे. चक्र खऱ्या अर्थाने पूर्ण झाले ते येथे.

निष्कर्ष :

तंत्रज्ञानाचे हस्तांतरण म्हणजे केवळ यंत्राचे स्थलांतर नव्हे. बांधणारे हात, दुरुस्तीची व्यवस्था आणि लाभाची न्याय्य वाटणी यांवाचून ते अपुरे राहते, हे या इतिहासातून स्पष्ट होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'गोबरधन' व 'सतत' या योजनांमुळे शेण व सेंद्रिय कचऱ्यापासून वायूनिर्मितीस पुन्हा चालना मिळाली. संयंत्रे मोठी झाली, तरी जुना प्रश्न कायम आहे : वायू बाजारात जाईल, स्लरी कोणाच्या शेतात परतेल? चक्रीय अर्थव्यवस्थेची कसोटी या उत्तरावरच लागणार आहे.