गणवेश नसलेल्या फौजेचा गणवेश

मावळा म्हटले की आज एकच चित्र डोळ्यांपुढे येते. डोक्यावर भगवा फेटा, अंगात पांढरा अंगरखा, खाली तुमान, कमरेला भगवा शेला, कपाळी चंद्रकोर, एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात तलवार. पुण्याच्या मिरवणुकीत तो असाच दिसतो, आणि भोपाळात भेलच्या कारखान्याकडच्या अयोध्या नगरातल्या मराठी घरातले मूल स्नेहसंमेलनात मावळा व्हायचे म्हणाले, तर त्याच्यासाठीही हाच पोशाख शोधला जाईल. शंभर मावळे उभे केले तर शंभरही सारखे दिसतात. हा सारखेपणाच मला तपासून पाहावासा वाटतो. माझे म्हणणे असे, की या वेषाचे कूळ शिवाजी महाराजांच्या छावणीत सापडत नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उत्सवात आणि त्याच्या आगेमागे वाढलेल्या रंगभूमीत सापडते. हे मान्य केले तर महाराजांच्या फौजेविषयी आपल्याला आज माहीत आहे त्याहून अधिक काही कळते.

पुराव्याची सुरुवात कृष्णाजी अनंत सभासदापासून करावी लागते. त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. फौजेची रचना तो बारकाईने सांगतो. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, त्यावर हजारी आणि पंचहजारी, आणि साऱ्यांवर सरनोबत. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. बारगिराला घोडा सरकारी पागेचा मिळे, शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीला येई. अधिकाराच्या पायऱ्या, तैनाती, पागा, सगळे मोजून सांगणारा हा लेखक कापड सरसकट एका रंगाचे वाटले जाई असे कुठेच सांगत नाही. उलट, मुलूखगिरीला निघताना लष्करातल्या लहानथोरांच्या चीजवस्तूंची यादी करायची आणि परतल्यावर ती ताडून पाहायची, असा दंडक तो नोंदवतो. ज्या फौजेत प्रत्येकाच्या मालमत्तेची वेगळी यादी ठेवावी लागते, तिथे प्रत्येकाजवळचे सामान वेगळे असणार हे उघड आहे. सारखेपणा होता तो हुकमात आणि हिशेबात होता.

दुसरा साक्षीदार ग्रँट डफ. साताऱ्यास रेसिडेंट असताना त्याने मराठी कागदपत्रे जमवली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. मावळी आणि कोकणातल्या हेटकरी पायदळाला ठरावीक गणवेश नव्हता, हे तो स्पष्ट शब्दांत लिहितो. मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारी आखूड चड्डी, कमरेला घट्ट आवळलेला लांब पट्टा, डोक्याला पागोटे, क्वचित सुती अंगरखा, आणि कमरेला गुंडाळलेले व थंडीत अंगावर घेता येईल असे वस्त्र, असा वेष तो सांगतो. हत्यारे ज्याची त्याने आणायची, दारूगोळा तेवढा सरकारचा. दहांतला एक जण बंदुकीऐवजी धनुष्यबाण बाळगी, कारण रात्रीच्या छाप्यात आवाज न होणे मोलाचे असे. स्वार गुडघ्याखालपर्यंत येणारी तुमान, रुई भरून टाचलेला डगला आणि पागोटे वापरत, आणि पागोट्याचा एक फेर बरेच जण हनुवटीखालून घेत. तलवार ते पट्ट्याला न अडकवता कमरेच्या वस्त्रात खोवत. आजच्या मिरवणुकीतल्या पायघोळ पोशाखाच्या शेजारी ही आखूड चड्डी ठेवून पाहावी. घाटवाटा चढणाऱ्या, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढणाऱ्या माणसाला कोणता वेष सोसेल, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की ग्रँट डफ दीडशे वर्षांनी लिहितो, शिवाय तो परका. आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी विसंबणारही नाही. पण त्याचे म्हणणे सभासदाने वर्णिलेल्या रचनेशी जुळते, आणि त्या काळच्या जगाशीही जुळते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४५ मध्ये उभारलेल्या नव्या सैन्याला तांबडे डगले दिले, ती त्या देशातल्या सरसकट गणवेशाची सुरुवात मानली जाते. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या पलटणींना एकरूप कपडे मिळाले तेही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे महाराज तोरण्यावर आणि राजगडावर होते तेव्हा युरोपातही सैनिकाचा गणवेश नवखा होता. मराठी फौजेत तो नसणे हा मागासलेपणा नव्हता. ज्या राज्यात शिलेदार आपला घोडा आणि मावळा आपली तलवार घेऊन येतो, त्या राज्यात कपडाही त्याच्या घरचाच असणार.

मराठी लष्करात एकरूप पोशाख आला तो कवायतीबरोबर. पानिपतावर १७६१ मध्ये लढलेली इब्राहिमखानाची गारदी पलटण ही त्या वाटेवरची पहिली मोठी खूण. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन या सेव्हॉयच्या सरदाराकडून कवायती कंपू उभारून घेतले. त्या कंपूंतले पायदळ इंग्रजी पलटणींच्या धर्तीवर तयार झाले आणि १८०३ मध्ये असईच्या रणात आर्थर वेलस्लीला त्याने फार महाग पडेल अशी झुंज दिली. रांगेत उभे राहून एकदम बार काढणाऱ्या शिपायाला रांग ओळखू येण्यासाठी सारखा डगला लागतो. तेव्हा मराठ्यांचा खराखुरा गणवेश कोणाला रंगवायचा असेल, तर तो शिंद्यांच्या कंपूंचा रंगवावा लागेल. गांभीर्याने घेण्याची गोष्ट ही की तो आज कोणीच रंगवत नाही.

मग पांढऱ्या-भगव्याचा हा जोड आला कुठून? पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव रुजला तेव्हा, १८९४ च्या सुमारास, मेळे निघू लागले. गाणी म्हणत निघणाऱ्या या पथकांपैकी काहींतली मुले शिवकालीन शिपायांच्या वेषात असत. १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवाजी उत्सव झाला. मेळ्याची गरज आणि छावणीची गरज वेगवेगळी. मेळा दुरून एकसंध दिसावा लागतो, म्हणून त्याला एकाच थानातले कापड लागते. नाटकमंडळींच्या कपडेपटाचेही तेच. दहा शिपायांना दहा तऱ्हांचे कपडे शिवणे परवडत नाही आणि प्रेक्षकाची नजरही त्यात विखुरते. पुढे बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ हा चित्रपट १९२३ मध्ये आला, भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ मध्ये, आणि १९८० च्या दशकात बाबासाहेब पुरंदऱ्यांचे ‘जाणता राजा’ हत्तीघोड्यांसह मैदानात उतरले. अशा कलाकृतींनी महाराष्ट्राला आपला इतिहास डोळ्यांनी पाहायला दिला, ते त्यांचे ऋण मोठेच आहे. त्याच वाटेने रंगमंचाचा वेष मात्र इतिहासाचा वेष म्हणून स्थिरावला. रंगाची साक्षही याच बाजूची. रासायनिक रंग १८५६ नंतरचे. त्याआधी केशरी छटा करडईच्या फुलांतून, पळसातून, हळदीतून यायची, आणि उन्हात व धुण्यात ती विटायची. आज बाजारात मिळणारा झगझगीत भगवा सतराव्या शतकातल्या कोणत्याही रंगाऱ्याला टिकवता आला नसता. झेंडा भगवा होता, यावरून प्रत्येक डोके भगवे होते असे निघत नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप भावनेचा आहे. मिरवणूक म्हणजे संग्रहालय नव्हे, सारख्या वेषातून समाजाची एकी दिसते, ती मोडून काय साधणार, असे विचारले जाईल. एकीची ओढ मला खोटी वाटत नाही. पण लोकांची श्रद्धा पुराव्याने दुखावते, हे गृहीतक इतिहासाने खोटे ठरवले आहे. एके काळी महाराजांचे म्हणून घरोघर ओळखले जाणारे चित्र दुसऱ्याच माणसाचे होते. वा. सी. बेंद्र्यांनी ते दाखवून दिले आणि १९३३ मध्ये अस्सल चित्र लोकांपुढे ठेवले. महाराष्ट्राने ते स्वीकारले, आणि महाराजांवरचे प्रेम त्याने तसूभरही उणावले नाही. ज्या समाजाने आपल्या राजाचा चेहरा पुराव्यावरून दुरुस्त केला, तो शिपायाचा डगलाही दुरुस्त करू शकेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पुरावा तुटपुंजा, अस्सल सामान महाग, मग हौशी माणसाने करावे काय? भोपाळचेच उदाहरण घेऊ. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामुल्मुल्काला याच शहराच्या आसऱ्याला कोंडले. निजामाचा तोफखाना भारी होता आणि बाजीरावाजवळ तटाला भिडेल अशा तोफा नव्हत्या, म्हणून त्याने रसद तोडली. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याला, आजच्या सिहोर जिल्ह्यात, तह झाला. निजामाने माळवा आणि नर्मदा ते चंबळ हा मुलूख देण्याचे आणि पन्नास लाख रुपये मिळवून देण्याचे कबूल केले. अयोध्या नगरातल्या मंडळींनी हा प्रसंग उभा करायचे ठरवले, तर घटनाच वेष सांगते. पौष-माघाची माळव्यातली थंडी आहे, तेव्हा रुई भरलेला डगला आणि घोंगडी हवी. फौज हलकी आहे, तेव्हा भाला हवा. वेढा रसदीचा आहे, तेव्हा पखालजी आणि नालबंद हवेच. पाणी, दाणा आणि नाल यांच्यावर जिंकलेल्या मोहिमेत फक्त तलवारवाले दाखवणे म्हणजे मोहीमच चुकीची सांगणे.

खर्चाचे उत्तरही जवळपास आहे. ज्या महेश्वरात अहिल्याबाईंनी राजधानी नेली आणि विणकर वसवले, तिथे आजही हातमागावर सुती कापड निघते, आणि बिनरंगी खादी तर कुठेही मिळते. रजया भरणारा कारागीर डगला टाचू शकतो, त्याला नमुना दाखवला की पुरे. चिलखत प्रत्येकाने घालूच नये, कारण ते सामान्य शिपायाच्या ऐपतीचे नव्हते. ज्याला घालायचेच त्याने हे जाणावे की जुन्या जाळीच्या कड्या बहुतांशी रिबिटाने बंद केलेल्या असत, नुसत्या वाकवून टोकाला टोक भिडवलेल्या नसत. तलवारीच्या बाबतीत तर शुद्धतेचा हट्टच टिकत नाही. संग्रहालयांतल्या कित्येक फिरंगी तलवारींची पाती युरोपातली आहेत, मूठ तेवढी इथली. डेहराडूनचा विंडलास कारखाना १९४३ पासून हत्यारे घडवतो आणि पाश्चात्त्य हौशी पथकांना त्यांच्या पूर्वजांच्या तलवारी व चिलखते पुरवतो. अशा पथकांचे एक उदाहरण म्हणजे, इंग्लंडात सतराव्या शतकातले यादवी युद्ध उभे करणारी ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८ पासून चालू आहे. हत्यारे घडवण्याचे हे कौशल्य आपल्या देशात आहे. आपल्याकडून मागणी तेवढी गेलेली नाही.

तेव्हा पथकाने कापड आणण्याआधी माणसे ठरवावीत. हा पागेचा बारगीर, हा स्वतःच्या घोड्याचा शिलेदार, हा कोकणातला हेटकरी, हा मावळातला भालाईत, हा पखालजी. प्रत्येकाने आपल्या अंगावरचा एकेक जिन्नस कुठून आला हे सांगता येईल इतके वाचावे, आणि जे सांगता येणार नाही ते अंगावर चढवू नये. मग पन्नास जण पन्नास तऱ्हांचे दिसतील, आणि पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहील की इतक्या वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे एका हुकमात कशी बांधली गेली. स्वराज्याच्या कर्तृत्वाचे मर्म त्या प्रश्नात आहे, आणि सारख्या फेट्यांची रांग तो विचारूच देत नाही.