काळ्या कातळावरची द्राक्षं आणि वाइनचा हिशेब

वाशीच्या फळबाजारात द्राक्षांच्या पेट्या उतरू लागल्या, की आमच्या बचत गटाच्या बैठकीत द्राक्षांचा विषय निघतोच. आमच्यातल्या काही जणींचं माहेर निफाड-दिंडोरीकडचं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, शेतकऱ्याला भाव मिळेल. दुसरी म्हणाली, दारू ती दारूच. मग आम्ही म्हटलं, आधी या वाइनचा इतिहास तर बघू. तोच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात पायाखालच्या दगडापासून. नवी मुंबईचा पारसिक डोंगर, सह्याद्रीचे घाट, नाशिकच्या टेकड्या, सगळा ज्वालामुखीचाच काळा कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. इटलीत एटना नावाचा ज्वालामुखी अजून धुमसतो, तरी त्याच्या उतारावर लोक द्राक्षं लावून वाइन करतात. आपला लाव्हा केव्हाच निवला. पण त्याच्या मुरमाड उतारावर पाणी साचत नाही आणि वेलीला तेच मानवतं.

आपल्याकडे वाइनचा मोठा धंदा मात्र अलीकडचा. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइनरी काढली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले.

या इतिहासात मालकांची नावं सापडतात, बायकांची सापडत नाहीत. युरोपात थंडीत वेल झोपते, म्हणून वर्षाला एकच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि त्यामागोमाग फुटवे काढणं, काड्या बांधणं, शेवटी घड तोडणं. यातलं कितीतरी काम बायकांच्या हातचं. पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या बागांवर येतात, त्यांतही बाया असतातच.

मग २००८ नंतर मंदी आली. वाइन खपेना. वाइनरींनी माल कमी उचलला, काही शेतकऱ्यांचे पैसे अडकले. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. खायला कोण घेणार? वाइनरीनं नाही म्हटलं की दुसरं गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी वेली उपटल्या. वेल उपटली की त्या बागेतली मजुरीही गेली.

आता आमच्या भांडणाचं काय झालं? आम्हाला कळलं, की हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला दुकानाचा. वाइनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, म्हणून ती दारू नाही असं कुणी सांगितलं तर आम्हाला पटत नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आपल्या बायकांनी मतदानात बाटली आडवी केली आहे. ती ताकद आपण सोडायची नाही.

दुसरा प्रश्न बागेचा. वाइन नको म्हणणारीनंही बागेतल्या बाईच्या मजुरीबद्दल बोललं पाहिजे. शेतकऱ्याला भाव मिळेल असं म्हणतात, पण शेतकरी म्हणजे कोण? १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्ती कार्यक्रमातून बायकोच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना सांगितलं. तीस वर्षं उलटून गेली. आपल्यातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे?

म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करून बघा. ज्या मजुरीला जातात त्यांनी रोजची हजेरी वहीत लिहावी. ज्यांच्या घरचा माल एकाच कंपनीला जातो त्यांनी करार लेखी आहे का ते पाहावं आणि वाचून घ्यावा. आणि प्रत्येकीनं घरचा सातबारा काढून त्यावर आपलं नाव शोधावं. नसलं, तर तिथून पुढची बैठक सुरू करा.