तूप नक्की कुणी प्यायलं?

चार्वाक हे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलंय ते एकाच गोष्टीसाठी. कर्ज काढा, पण तूप प्या, असं शिकवणारा माणूस. घरातल्या कुणी ऐपत नसताना मोटारसायकल उचलली की शिकलेली माणसं हेच नाव काढतात. आपल्या कर्जत तालुक्यात कर्ज ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, म्हणून हे तूप नक्की कुणी प्यायलं ते आज बघू.

चार्वाक मताच्या लोकांचा मूळ ग्रंथ आज उरलेला नाही. परलोक नाही, जे आहे ते इथंच, असं ते म्हणायचे. पण हे आपल्याला कळतं ते त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पुस्तकांतून. त्यांतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे माधवाचार्यांच्या नावावरचा चौदाव्या शतकातला 'सर्वदर्शनसंग्रह'. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२४ साली तो वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह छापला. त्यात तो प्रसिद्ध श्लोक दोनदा येतो. चार्वाकांच्या प्रकरणात सुरुवातीला येतो तेव्हा त्यात कर्ज नाही आणि तूपही नाही. जिवंत आहात तोवर सुखानं जगा, मरणाच्या तावडीतून कुणी सुटत नाही, एवढंच आहे. प्रकरण संपता संपता तोच श्लोक पुन्हा येतो, आणि मरणाच्या जागी कर्ज आणि तूप येऊन बसलेलं असतं! तुपाची ओळ मागाहून घुसवली असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. ज्याला बदनाम करायचं त्याच्या ताटात तूप वाढायचं, ही रीत जुनीच आहे.

तिकडे ग्रीस देशात एपिक्युरस नावाच्या माणसाचं असंच झालं. त्याचा जन्म इसवी सन पूर्व ३४१चा, सामोस बेटावरचा. पुढे अथेन्सला येऊन त्यानं गावाबाहेर एक बाग विकत घेतली आणि तिथं मित्रमंडळींसह राहून शिकवू लागला. सुख हेच जगण्यातलं चांगलं, असं तो उघड म्हणायचा. झालं, विरोधकांना आयतंच मिळालं. त्याच्या जवळच्या शिष्याचा भाऊ तिमोक्रातिस भांडून बाहेर पडला आणि त्यानं लिहिलं की हा माणूस इतका खातो की दिवसातून दोनदा ओकतो. आजही 'खाण्यापिण्याचा शौकीन' या अर्थानं इंग्रजीत त्याचं नाव वापरतात.

पण एपिक्युरसची तीन पत्रं शिल्लक राहिली, मृत्युपत्रही राहिलं. तिसऱ्या शतकात दायोगेनिस लायर्तियस नावाच्या लेखकानं ती आपल्या पुस्तकात उतरवून घेतली म्हणून. त्यांतून दिसतो तो माणूस पाण्यावर आणि साध्या भाकरीवर राहणारा. एका मित्राला तो कळवतो, चीजची एक लहानशी बरणी पाठव, मनात आलं की मेजवानी करीन. म्हणजे या सुखवाद्याची चैन केवढी, तर आपल्याकडे भाकरीबरोबर लोण्याचा गोळा मिळावा एवढी. बागेत येणाऱ्या पाहुण्यालाही सातूचं पीठ आणि पोटभर पाणी, असं सेनेका लिहितो, आणि सेनेका तर दुसऱ्या पंथाचा होता.

सुखाचा त्याचा हिशेब असा होता. भूक, तहान, थंडी या गरजा खऱ्या. त्या भागल्या की सुख झालंच, त्यापुढे ते वाढत नाही, नुसतं रूप बदलतं. दुसऱ्या इच्छा साहजिक, पण नसल्या तरी चालतं. राशीनच्या देवीला गेल्यावर पेढा खावासा वाटतो, तशा. तिसऱ्या मात्र पोकळ. त्यांना तळच नसतो, कारण त्या पोटातून येत नाहीत, शेजाऱ्याच्या डोळ्यांतून येतात. लग्नात त्यांनी हजार पानं उठवली तर आपण दीड हजार. कर्ज होतं ते बहुधा या तिसऱ्या खात्यात. बहुधा म्हणते, कारण पाऊस गेला आणि बोअर आटलं की पहिल्या खात्यासाठीही कर्ज काढावं लागतं, ते मिरजगाव भागातल्या बाईला कुणी सांगायला नको.

टंचाई त्यालाही चुकली नाही. इसवी सन पूर्व २९४च्या सुमाराला दिमित्रियस राजानं अथेन्सला वेढा घातला, धान्य संपलं. प्लुटार्क लिहितो की त्या दिवसांत एपिक्युरस घरातल्या सगळ्यांना घेवड्यासारखे दाणे मोजून वाटायचा आणि तेवढ्यावर माणसं जगवायचा. ज्यांनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्या आज्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. सुखाचा गुरू म्हणून जगानं हसावं, आणि हा दाणे मोजतोय!

त्याचं एक मात्र मला मान्य नाही. राजकारणात पडू नका, आडबाजूला राहा, असा त्याचा सल्ला होता. बागेत राहणाऱ्याला ते जमतं. आपण ग्रामसभेला गेलो नाही तर टँकर कुठल्या वस्तीवर रिकामा होईल ते दुसरंच कुणी ठरवतं. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या त्या २०११ साली. त्या घरी बसून भरत नाहीत.

तरी बागेचं दार त्यानं आपल्यासाठी उघडं ठेवलं होतं. अथेन्समध्ये चांगल्या घरची बाई चारचौघांत बोलायची नाही, अशा काळात थेमिस्ता ही लग्नाची बाई तिथं नवऱ्यासोबत शिकत होती. गुलामही शिकत होते; मरताना त्यानं मृत्युपत्रात चौघांना मोकळं केलं, त्यांत फैद्रिओन नावाची एक बाई होती. आणि लेओंतिओन. ही गणिका होती असं सांगतात. तिनं थिओफ्रास्तस या त्या काळच्या मोठ्या नावाजलेल्या पंडिताविरुद्ध पुस्तक लिहिलं. अडीचशे वर्षांनी रोमचा सिसेरो त्यावरून चिडला: भाषा छान आहे हो, पण एका वेश्येनं थिओफ्रास्तसला उत्तर द्यावं? त्या पुस्तकाचं एक पानही आज उरलेलं नाही. तिची भाषा छान होती, हे सांगायला तिच्यावर चिडलेला सिसेरोच तेवढा साक्षीदार आहे.