तिळा तिळा, दार कुणाचं?

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ऑइलचे डाग आणि 'उद्या या' म्हणणारा मेकॅनिक आठवतो. अमेरिकेत मात्र गॅरेज ही घराचीच एक खोली. अनेक कुटुंबांची रोजची ये-जा तिच्याच दारातून होते. त्यामुळे त्या दाराचा इतिहास म्हणजे घराच्या कुलपाचाच इतिहास.

१९२१ साली सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकणारं, पट्ट्यांचं दार बनवलं. ते उचलायचा त्रास वाचावा म्हणून १९२६मध्ये विजेची मोटर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ रिमोट आले, पण त्यांचा संदेश इतका साधा होता की शेजाऱ्याने बटण दाबलं तरी आपलं दार उघडायचं! मग रिमोटमध्ये ८ ते १२ बारीक खटके आले, म्हणजे डिप स्विच. १२ खटक्यांचे कोड होतात ४०९६. एवढे कोड पुरेसे वाटले.

ते पुरेसे नव्हते, हे २०१५मध्ये सॅमी कमकार या सुरक्षा संशोधकाने दाखवलं. मुलांच्या मेसेज पाठवायच्या एका खेळण्यात बदल करून त्याने 'ओपनसेसमी' बनवलं. सगळे कोड एकेक करून पाठवायला जवळपास अर्धा तास लागत होता. त्याचं यंत्र तेच काम सुमारे ८ सेकंदांत उरकायचं.

हे कसं, ते मराठी माध्यमात शिकलेल्यांना चटकन कळेल. 'यमाताराजभानसलगा' आठवतंय? लघु-गुरूचे तीन-तीनचे गण एकूण ८. सुटे लिहिले तर २४ अक्षरं लागतात. पण या सूत्रात प्रत्येक गण आधीच्या गणावर चढलेला आहे, म्हणून १० अक्षरांत आठही बसतात. गणितात याला डी ब्रॉइन क्रम म्हणतात. अनेक जुने रिसीव्हर कोड कुठे सुरू झाला हे बघतच नव्हते, फक्त शेवटचे १२ बिट तपासत होते. त्यामुळे ४९,१५२ बिटांऐवजी ४,१०७ बिटांत सगळे कोड होऊन जातात. मी इंजिनिअरिंगला हा क्रम शिकलो, पण तो खरा समजला तो वृत्तांच्या या सूत्रामुळे.

दर वेळी कोड बदलणारे, म्हणजे 'रोलिंग कोड'चे रिमोट १९९०च्या दशकातच आले होते. त्यांच्यावर हा हल्ला चालत नाही. पण तिथून प्रश्न चोराचा राहिला नाही, मालकाचा झाला. स्कायलिंक कंपनीने चेंबरलेनच्या दारांना चालणारा स्वस्त रिमोट विकला, तेव्हा चेंबरलेनने कॉपीराइट कायद्याखाली खटला भरला. २००४मध्ये अपील न्यायालयाने स्कायलिंकच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेल्या दाराचं सॉफ्टवेअर वापरायचा हक्क घरमालकाला आहे, हा त्याचा गाभा.

मग दारं इंटरनेटवर गेली. २०२३च्या अखेरीस त्याच चेंबरलेनने आपल्या मायक्यू सेवेवर बाहेरच्या अनधिकृत सॉफ्टवेअरची वाट बंद केली आणि होम असिस्टंटला ती जोडणी काढून टाकावी लागली. कोर्टात न मिळालेला ताबा सर्व्हरवर मिळाला. अशा वाहतुकीने सर्व्हरवर भार येतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. सर्व्हरचा खर्च मीही रोज बघतो, त्यामुळे ते मला अगदीच खोटं वाटत नाही. पण घरातलं बटण आणि घरातली मोटर यांच्यामध्ये सर्व्हर हवाच कशाला? काहींनी मोटरलाच छोटं वायफाय सर्किट जोडून तो टाळला.

एक नियम मात्र कुणीच टाळू नये. आपोआप मिटणाऱ्या दाराखाली सापडून मुलं दगावली होती. म्हणून अमेरिकेत १९९३पासूनच्या यंत्रांना अडथळा ओळखून दार उलटं फिरवणारी जादा सोय, बहुधा प्रकाशकिरणाचा सेन्सर, सक्तीची झाली. फोनवरून दार लावणाऱ्याला दारात कोण उभं आहे ते दिसत नाही.

आता आपल्या फ्लॅटच्या दारांवरही ॲपवाली कुलपं येत आहेत. घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: नेट गेलं तर हे उघडेल का? आणि कंपनी बंद पडली तर?