लोखंडाला फुटलेली वेल
ब्रुसेल्समधील तासेल सदनाची दगडी दर्शनी बाजू शेजारच्या घरांशी जुळवून घेते. नवल आत आहे. १८९३ च्या या आरंभीच्या आर्ट नूव्हो वास्तूत स्थपती व्हिक्टर ओर्ता यांनी जिन्यालगतचे लोखंडी खांब झाकले नाहीत. खांबांच्या माथ्याशीच वेलींचे फुटवे आले. तीच वळणे कठड्यावर, भिंतीवर आणि फरशीच्या मोझेइकात उतरली. अलंकार भार पेलणाऱ्या लोखंडातूनच उगवला. २००० साली ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ओर्तांनीच कामगार पक्षासाठी बांधलेले ‘लोकगृह’ मात्र १९६५ मध्ये पाडले गेले. सुटे भाग जतनासाठी ठेवले होते. (‘जतन’ हा शेरा कागदावर किती सहज उमटतो, हे सरकारी नोकरीत पाहिले आहे.) पुष्कळसे नष्ट झाले, काही लोखंड पुढे अँटवर्पच्या एका कॅफेत बसवले गेले.