डोळ्यातला लाल दाणा आणि म्हशीवरचा आळ

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका रोगाचा इतिहास सांगणार आहे. तो आपल्या रायपूरच्या तळ्यांशी जोडलेला आहे आणि माझ्या लहानपणाशीही.

साल 1970 च्या आसपासचं. मी दहा-अकरा वर्षांचा. आमच्याकडे दूध घालणाऱ्या राऊत कुटुंबातला एक मुलगा माझ्याच वयाचा होता. शाळा सुटली की मी त्याच्याबरोबर तरियावर जायचो. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, छत्तीसगडीत तळ्याला तरिया म्हणतात. तो म्हशीच्या पाठीवर बसून पार मधोमध जायचा. मला पाण्यात उतरायची घरून बंदी, म्हणून मी पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, त्याचे कपडे सांभाळत बसायचो. त्या बंदीचा मला तेव्हा फार राग यायचा.

एके वर्षी पावसाळ्यानंतर त्याच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत लाल दाणा दिसू लागला. दुखत नव्हता. डोळ्यातून पाणी यायचं आणि चोळलं की रक्ताचा थेंब. जवळच्या एका दवाखान्यात ‘डोळे आलेत’ म्हणून औषधाचे थेंब दिले. ते सहा महिने घातले. दाणा वाढून तुतीएवढा झाला आणि त्यावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. मग बैगाकडे नेलं. बैगा म्हणाला, म्हशीचं लागलंय. बापाने म्हैस विकली. दुभती होती, घर तिच्यावर चालत होतं. मुलाला गोठ्यात जायची बंदी झाली. आंघोळीला मात्र तो रोज त्याच तळ्यात जात राहिला, कारण सगळा पारा, म्हणजे सगळी वस्ती, तिथेच जायची.

पुढे मोठ्या इस्पितळात ती गाठ कापली. दीड वर्षात परत आली. दुसऱ्यांदा कापताना सर्जनने तिचं मूळ जाळलं, तेव्हा थांबली.

या रोगाचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. नाव नाकाचं आहे, कारण बहुतेकांना तो नाकात होतो. त्याखालोखाल डोळ्यात, म्हणजे पापणीच्या आतल्या अस्तरात किंवा नाकाजवळच्या अश्रूपिशवीत. 1900 साली ब्युनॉस आयर्सच्या ग्वियेर्मो सीबर यांनी आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. त्यांचा रुग्ण 19 वर्षांचा शेतमजूर होता. तीनच वर्षांनी, 1903 मध्ये, ओ’किनीली यांनी कलकत्त्याचा रुग्ण नोंदवला. हे ओ’किनीली इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे लष्करी हुद्दा असलेले डॉक्टर. डोळ्यातल्या रोगाची सुरुवातीची नोंद 1912 ची, मद्रासची, एलियट आणि इन्ग्रॅम यांची. त्यातले रॉबर्ट हेन्री एलियट हेही आय.एम.एस.चे. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर भारतीय दोरीच्या जादूचा भांडाफोड करण्यात रमले. आम्ही निवृत्त लोक स्वस्थ बसत नाही, हे जुनंच आहे.

1923 मध्ये एडिंबरोच्या अ‍ॅशवर्थ यांनी या जंतूचं सविस्तर जीवनचक्र मांडलं. त्यांनी त्याला बुरशीत बसवलं आणि पुढची जवळजवळ पाऊणशे वर्षं सगळे त्याला बुरशीच म्हणत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. भारतात बैल, म्हशी, घोडे यांच्या नाकातही हाच रोग सापडला. जनावरांना होतो आणि जनावरांजवळ राहणाऱ्या माणसांनाही होतो, म्हटल्यावर बैगासारखंच कोणालाही वाटेल की एकाचं दुसऱ्याला लागतं. पण मांडलिक नावाच्या डॉक्टरांनी 1937 साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये एक साधं निरीक्षण नोंदवलं. नदीतून वाळू काढणाऱ्या मजुरांत, पाण्यात बुडी मारून वाळू भरणाऱ्यांना हा रोग होत होता. काठावर तीच वाळू उतरवणाऱ्यांना नाही. टोळी एक, वाळू एक, राहणं-खाणं एक. फरक एवढाच की एकाचं डोकं पाण्याखाली जायचं आणि दुसऱ्याचं नाही. याला मी उत्तम रेकी म्हणतो. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही, फक्त कोण कुठे उभा आहे ते नीट पाहिलं.

त्यानंतर पुरावा त्याच दिशेने साचत गेला. एका घरात सहसा एकच रुग्ण असतो, नवऱ्याचं बायकोला लागत नाही. प्रयोगात एका प्राण्यातून दुसऱ्यात रोग उतरवण्याचे प्रयत्न फसले. सर्बियात 1990 च्या दशकात एकाच तळ्यात पोहलेल्या लोकांत तो एकदम दिसला. आणि 1999 मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं की ही बुरशी नव्हेच. माशांना रोग करणाऱ्या काही जंतूंच्या कुळातला हा जंतू आहे. म्हणजे मूळचा पाण्यातलाच. साचलेल्या पाण्यात तो असतो, आणि वाळूच्या कणाने किंवा चोळण्याने डोळ्याला बारीकसा ओरखडा पडला असेल तर तिथून आत शिरतो, असं आज मानतात. म्हैस आणि माणूस, दोघेही त्या पाण्याचे रुग्ण.

जगातले बहुतेक रुग्ण भारत आणि श्रीलंकेतले, आणि भारतात छत्तीसगडचं नाव वरच्या यादीत. 1976 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये गुप्ता, दरबारी आणि सहकाऱ्यांचा खास रायपूर आणि परिसराचा अभ्यास आला. आपल्या शहराचं नाव शीर्षकात असलेला तो लेख हातात आला तेव्हा मला माझा मित्रच आठवला.

छत्तीसगडच का, याचं उत्तर आपल्या अभिमानातच आहे. ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी 126 तळ्यांची गोष्ट इथे गावोगाव सांगतात. भाताचा मुलूख, पाऊस चार महिने, म्हणून प्रत्येक गावाने पाणी अडवलं. भोसल्यांच्या काळात बिंबाजी रतनपूरला आले तेव्हा ही तळी आधीपासून होती. रायपूरचा बूढा तालाब, तेलीबांधा, कंकाली, सगळी त्याच रीतीतली. तेलीबांध्याला आता मरीन ड्राइव्ह म्हणतात, असो. गावात पिण्याचं तळं वेगळं ठेवायची पद्धत होती, पण निस्तारी तळं सगळ्यांचं. तिथेच आंघोळ, तिथेच कपडे, तिथेच जनावरं. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला तरी डुबकी चालूच.

जनावरांवरचा प्रत्येक आळ खोटा, असं मात्र समजू नका. गाईगुरांच्या डोळ्यात तेलाझिया नावाचा पांढरा, दोऱ्यासारखा किडा होतो. डोळ्यातलं पाणी प्यायला बसणारी माशी तो एका डोळ्यातून दुसऱ्यात नेते. त्याची एक भावंड जात प्रामुख्याने कुत्र्यांच्या डोळ्यात राहते, आणि तिथून माशीमार्फत माणसाच्या डोळ्यात आल्याच्या नोंदी भारतातही आहेत. तिथे माशी हाकलणं, जनावराचे डोळे स्वच्छ ठेवणं उपयोगाचं. लाल दाण्याच्या रोगात त्याचा काही उपयोग नाही. तिथे गाठ मुळापासून काढायची, मूळ जाळायचं, काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचा. अश्रूपिशवीत असेल तर बहुधा पिशवीच काढावी लागते. थेंबांनी ती गाठ जात नाही.

मला हे सगळं फार उशिरा कळलं. नोकरीत डोंगरी भागात खेचरांच्या तुकडीबरोबर होतो, तेव्हा आमच्या पशुवैद्यकीय कोअरच्या एका मेजरने शेकोटीपाशी सहज सांगितलं, ‘‘सर, खेचराचं माणसाला नाही लागत, दोघांनाही पाण्यातून येतं.’’ वीस-बावीस वर्षं झाली होती म्हैस विकून.

मागच्या दिवाळीत मित्राच्या घरी गेलो होतो. डोळा शाबूत आहे, पाणी मात्र कायम येतं. त्याला ही वाळूवाल्यांची हकिगत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘त भइंसी के दोस नइ रिहिस?’’ नव्हता, म्हटलं. मग त्याने ती म्हैस कितीला गेली होती ते सांगितलं. त्याला रुपयांपर्यंत आठवत होतं.

पुढच्या भागात त्या खेचरांबद्दल बोलू. जय हिंद.